उलाळ गाडी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं माणसांशी बोलत असत, आणि माणसं तेव्हाही त्यांचं ऐकत नसत.

एका डोंगरी राज्यात एक गड होता. गडावर राजा राहायचा, पायथ्याला गाव होतं आणि मधे होता खडा घाट. गावातून गडावर जे काही जाई ते एकाच गाडीतून जाई. मीठ, धान्य, तेल आणि राजाच्या अंघोळीसाठी नदीचं पाणी. ही गाडी हाकायचा एक गाडीवान आणि ओढायचे त्याचे दोन बैल, कोश्या आणि पाखऱ्या. दोघं एकाच गाईची वासरं. गाडीवानाला मूलबाळ नव्हतं. या दोघांना त्यानं आपल्या ताटातली भाकरी मोडून वाढवलं होतं.

गाडी भरायची तिथे एक रीत होती. राजाचं सामान सगळ्यांत शेवटी चढवायचं, पार मागच्या टोकाला. का? तर गडावर पोचताच ते सगळ्यांच्या आधी उतरावं. राजाचं आधी, लोकांचं मग. गाडीवानाला या रितीचा भारी अभिमान. राजाच्या पाण्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

पूर्वी हे पाणी दोन कळशांतून जायचं. मग गडावर नवा कारभारी आला. "राजाचं पाणी आणि कळशीतून?" असं म्हणून त्यानं नाक मुरडलं आणि माणूस आत बसेल एवढे तांब्याचे हंडे घडवून घेतले. राजा तोच, अंघोळ तीच. पण हंडे मोठे झाले म्हणजे मान मोठा झाला, असं कारभाऱ्याला वाटलं. असे लोक तेव्हाही होते.

त्यानंतर बैलांचा जोर सरू लागला.

गंमत अशी, की सपाटीला दोघं वाऱ्यासारखे पळायचे. घाटाचा पहिला चढही चढायचे. पण पुढे जांभळीचं वळण होतं, तिथे चढ एकदम उभा होई. तिथे पोचले की बैलांचे डोळे बाहेर येत, तोंडाला फेस येई, पाय लटपटत आणि गाडी जागच्या जागी थांबे. गाडीवान मायाळू माणूस. चढ लागला की तो गाडीवरून उतरायचा, बैलांना तेवढाच हलकेपणा. मग मागे जाऊन चाकाखाली दगड लावायचा आणि तिथूनच ओरडायचा, "काय झालं रे लेकरांनो?"

वरून उत्तर येत नसे. नुसती घरघर ऐकू येई.

थांबत थांबत खेप कशीबशी गडावर पोचे. मग खाली येऊन जू उतरलं की कोश्या म्हणायचा, "धनी, वळणावर श्वास पुरत नाही."

"का पुरत नाही?"

"ते कळत नाही. पण पुरत नाही."

गाडीवानानं हे कारभाऱ्याच्या कानावर घातलं. कारभारी हसला. "श्वास नाही, त्यांची नियत पुरत नाही! बैल आळसावलेत."

तरी त्यानं जाणकार पाठवले. ते कुठे आले? घाटात? छे! घाटात ऊन असतं आणि चालावं लागतं. ते आले गावच्या चावडीपुढच्या सपाट अंगणात, सावलीला. वैद्यानं बैलांची जीभ पाहिली आणि पेंड वाढवा म्हणाला. नालबंदानं चांगले नाल उपटून नवे ठोकले. दृष्ट काढणाऱ्यानं शिंगांवरून लिंबू उतरवलं. मग सगळ्यांनी मिळून बैलांना अंगणात गोल फिरवलं आणि माना डोलावल्या, "बैल ठणठणीत आहेत. जोर आहे. लावत नाहीत, एवढंच."

आता सांगा, ज्याची धाप चढावर लागते त्याला अंगणात फिरवून काय कळणार? पण एवढं साधं एकाच्याही डोक्यात आलं नाही. गाडीवानाच्याही नाही. त्यानं फक्त गाडी तपासली. गाडीवानांचा एक शब्द आहे, 'उलाळ'. मागे भार जास्त झाला की गाडीचं तोंड वर उठतं, ती उलाळ गाडी. त्यानं भरलेली गाडी जुंपून पाहिली, स्वतः पुढे बसून पाहिली. गाडी सरळ होती. तीही त्यानं अंगणातच पाहिली, बरं का.

शेवटी कारभाऱ्याचा हुकूम सुटला. "उद्याची एक खेप. जांभळीच्या वळणाला बैल थांबले, तर तिथूनच दोघांची रवानगी तेल्याच्या घाण्याला."

घाण्याला म्हणजे डोळ्यांवर झापडं बांधून जन्मभर एकाच जागी गोल गोल. गाडीवानानं दोघांच्या गळ्यात हात घातले आणि म्हणाला, "उद्या एवढा एक चढ काढा रे. माझ्यासाठी."

"काढू धनी," पाखऱ्या म्हणाला. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. मागून घोड्यावर कारभारी आणि त्याचे चार नोकर. पहिला चढ पार पडला. जांभळीचं वळण आलं. गाडीवान उतरला, मागे गेला. बैलांनी जिवाचं रान केलं. खुरांखालून ठिणग्या उडाल्या. पण जांभळीच्या सावलीपाशी त्यांचे डोळे पांढरे झाले आणि गाडी थांबली. गाडीवानानं घाईनं चाकामागे दगड सारले.

"पाहिलंस?" कारभारी गरजला. "मार आसूड!"

गाडीवान पुढे आला. यापूर्वी त्यानंही या वळणावर आसूड उगारला होता, हे सांगायलाच हवं. आजही त्याचा हात वर गेला. तेवढ्यात कोश्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आणि गाडीवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानं आसूड दरीत भिरकावला.

"आळशी म्हणता ना यांना? अंगणात बसून आळशी म्हणता! मी काही आळशी नाही. आता मी ओढतो, आणि बघू कोण थांबतं ते!"

त्यानं कोश्याला सोडलं. मान वाकवून स्वतः जुवाखाली गेला आणि बैलाच्या गळ्याखालून जाणारा चामड्याचा पट्टा, ज्याला जोतं म्हणतात, तो स्वतःच्या गळ्याखालून घेऊन खुंटीला अडकवला. एका बाजूला पाखऱ्या, दुसऱ्या बाजूला तो. "हो!" म्हणून त्यानं पाय रोवले आणि सगळं बळ लावलं.

गाडी तसूभर हलली. हंड्यांतलं पाणी मागे धावलं. गाडीचं तोंड वर उठलं, त्याच्याबरोबर जू वर उठलं आणि जोतं वर उठलं. गाडीवानाच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. चामडं गळ्यात रुतलं. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसती घरघर आली.

कारभारी घोड्यावर बसून हसत सुटला. "मघाशी केवढी जीभ चालत होती! आता बोल की! बोलत का नाहीस?"

नोकरही हसले. लाज वाटावी असं ते हसणं होतं.

कोश्या बाजूला उभा होता. आजवर तो जुवाच्या आत होता, म्हणून स्वतःचा गळा त्याला कधी दिसला नव्हता. आज पहिल्यांदा तो बाहेरून पाहत होता. आणि आज पहिल्यांदा या वळणावर त्याचा स्वतःचा गळा मोकळा होता. तो हंबरला, सगळा घाट दणाणला.

"अरे, तो बोलेल कसा? त्याचा गळा आवळलाय! आमचाही रोज असाच आवळतो! गाडी उलाळ होतेय, चढावर उलाळ होतेय!"

असं म्हणून त्यानं आपली मान जुवावर टाकली आणि अंगाच्या भारानं ते खाली दाबलं. जोतं सैल पडलं. गाडीवान खोकत, धापा टाकत मातीत बसला. गळ्यावर लालभडक वळ उठला होता. त्यानं पाखऱ्याच्या गळ्याखाली हात घातला, केस बाजूला केले. तिथेही तसाच वळ होता, जुना, घट्टा पडलेला. कोश्यालाही तसाच.

गाडीवान ढसाढसा रडला. "मागचे हंडे मीच ठेवले रे! मोठ्या अभिमानानं ठेवले. आणि पुढचा माझा भारही ऐन चढावर मीच काढून घेतला. दया म्हणून!"

मग त्यानं डोळे पुसले, वळ पाहून वरमलेल्या नोकरांना हाताशी घेऊन हंडे पार पुढे सरकवले आणि मिठाच्या गोण्या मागे टाकल्या.

"हे काय!" कारभारी किंचाळला. "राजाचं पाणी गोण्यांच्या आड? उतरायला सगळ्यांत शेवटी?"

"शेवटी का होईना, पोचेल तरी," गाडीवान घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बैल जुंपले. गाडी जी निघाली ती गडाच्या दारातच थांबली. बैलांच्या तोंडाला फेसाचा थेंब नव्हता.

कारभाऱ्यानं राजापुढे तक्रार मांडली. राजानं ऐकून घेतलं, खाली येऊन बैलांचे गळे पाहिले, गाडीवानाचा गळा पाहिला. मग म्हणाला, "माझं पाणी आधी उतरतं की नंतर, हे मला आजवर ठाऊकही नव्हतं. माझ्या मानासाठी यांचे गळे आवळले गेले, आणि मी मजेत अंघोळ करत होतो. चूक माझी. पण कारभारी, यांना आळशी तुम्ही म्हणालात."

दुसऱ्या दिवशी जुन्या रितीनं भरलेली गाडी जांभळीच्या वळणाला नेली आणि कारभाऱ्याला जुवाखाली मान घालायला सांगितलं. पहिल्याच ओढीला त्याचे डोळे बाहेर आले. बोलायला तोंड उघडलं, घरघर निघाली. कुणी हसलं नाही. गाडीवानानं धावत जाऊन त्याचं जोतं सोडवलं, कारण गळा आवळला की काय होतं हे त्याला माहीत होतं.

राजानं नियम केला. ज्याला बैल आळशी वाटेल त्यानं आधी त्याच चढावर, त्याच भाराखाली, त्याच जोत्यात आपली मान घालून पाहावी आणि मग बोलावं.

आणि काय सांगू, त्या दिवसापासून त्या राज्यात एकही आळशी बैल जन्माला आला नाही.

बोध: दमलेल्यावर आसूड उगारण्याआधी चढावर त्याच्या शेजारी उभं राहावं, आणि त्याच्या गळ्याभोवतीचं जोतं आपणच तर आवळलेलं नाही ना, हे पाहावं.