गवतयंत्राचं तेल

जिमखान्याचं आपोआप पुढे सरकणारं गवत कापायचं यंत्र सामन्याच्या आदल्या दिवशीच अडलं. गिअरबॉक्समधलं तेल आटलं होतं. मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्या कुमुदिनीबाई समोरचे तीन डबे बघून पार गोंधळल्या. इंजिनाचं ओतावं, गिअरचं की हायड्रॉलिकचं?

"ओता कुठलंही!" भज्यांवर ताव मारत अध्यक्ष आबासाहेब गरजले. "तेल ते तेल!"

बाई नम्रपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पुढचा घाणा एरंडेलात तळू का, असं आचारी विचारतोय. हो म्हणते."

आबासाहेबांचा घास तोंडातच अडकला. "थांबा! आधी कंपनीला फोन लावा."

कंपनीनं सांगितलं, तिन्ही डबे दूर ठेवा, याचं तेल वेगळंच असतं. ते आणून भरल्यावर यंत्र संध्याकाळी मैदानभर फिरलं.