उतारशाळेवाल्याचा चेहरा

वसईतल्या एका चर्चच्या भिंतीवर सेसील तुस्कानो ख्रिस्तजन्माचं चित्र काढत होती. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची: मुक्कामाला आलेल्यांना उतारशाळेवाल्याने, म्हणजे धर्मशाळेच्या मालकाने, ‘जागा नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवलं आणि मरियेला गोठ्यात बाळंत व्हावं लागलं. सेसीलने गोठ्याऐवजी पत्र्याची शेड काढली, आणि मरियेला चेहरा दिला सुभद्रेचा. मनवेल शेठच्या नव्या टॉवरवर विटा वाहणारी ही बाई आठच दिवसांपूर्वी तिथल्या शेडमध्ये बाळंत झाली होती.

चित्राचा खर्च मनवेल शेठचाच. रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर ते भिंतीपुढे आले आणि सगळ्यांदेखत कडाडले, “देवाची आई माझ्या साइटवरच्या शेडमध्ये? लाज नाही वाटत? चांगल्या घरात दाखव तिला!”

“दाखवते की, शेठ,” सेसील म्हणाली. “पण मी समोर दिसतं तेच काढते. तुमच्या टॉवरचे खालचे मजले बांधून तयार आहेत. सुभद्रेला आणि बाळाला त्यात एक खोली द्या, उद्याच शेड पुसते.”

“खोली? हिला?” शेठनी हात झटकला. “जागा नाही!”

सेसीलने ब्रश उचलला.

“शेठ, जरा असेच उभे राहा. उतारशाळेवाल्याचा चेहरा काढायचा राहिलाय.”

संध्याकाळच्या आत सुभद्रा बाळाला घेऊन टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. सेसीलनेही शब्द पाळून शेड पुसली. उतारशाळेवाला मात्र तिने पाठमोरा काढला. तेवढी दया तिलाही आली.