रुप्याच्या माणसाची झडती

“…आणि समजा, हा रोग नसून देवाची खूणच असेल तर, बाबा?”

बाबांनी आडवा बांबू आणखी वीतभर खाली घेतला.

बांबूच्या अलीकडे त्र्यंबक मास्तर उभे होते. दिसत होते तेवढे सगळे निळे. जुन्या पाटीवर ओला बोळा फिरवला की जो रंग येतो, अगदी तो. कपाळ निळं, कान निळे, नखांखालचं मांससुद्धा निळं.

बोरवंडच्या वेशीवरचा हा जकातनाका बंद होऊन जमाना झाला. कारकून गेले, वजनकाटा गेला, टेबलाचे पायसुद्धा कुणी चुलीत घातले. राहिला तो हा आडवा बांबू, आणि एके दिवशी त्याच्याशेजारी येऊन बसलेला फकीर. येणाऱ्याजाणाऱ्याला तो एकच विचारी, “काय घेऊन चाललास?” म्हणून लोक त्याला जकातबाबा म्हणू लागले.

कुणी सांगे कांदे, कुणी सांगे काळजी. बाबा माल बघत आणि बांबू उचलत.

एकदा मात्र एक बैरागी आला नि ऐटीत म्हणाला, “काही नाही.” बाबांनी त्याला दिवेलागणीपर्यंत सोडलं नाही. झोळी झाडली, कमंडलू उपडा केला, जटा उकलल्या. “‘काही नाही’वाल्याकडेच फार माल असतो,” म्हणाले. त्या जटांतून एक अख्खा मठ निघाला, दुमजली, असं बोरवंडात सांगतात. ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणे विश्वास ठेवावा.

मास्तर दर गुरुवारी या बाबांच्या पायाशी येऊन बसत. शाळेत विज्ञान शिकवीत आणि घरी शब्दांच्या मुळ्या उकरीत. आज गुरुवार नव्हता. तरी आले होते.

“काय आणलंस?” बाबांनी शेवटी विचारलं.

“रुपं. चांदी,” मास्तर म्हणाले. आवाजात जरा ताठा होताच. “अंगात भिनलेलं.”

“कसं भिनलं?”

“प्यायलो.”

खोटं नव्हतं. चेहऱ्यावर तेज यावं म्हणून मास्तर रोज सकाळी पेलाभर पाण्यात रुप्याच्या दोन तारा सोडत, त्यांना बॅटरी जोडत आणि ते पाणी गटागटा पीत. “अहो, दूधवाला दारात ओरडतोय, नि तुम्ही तारा कसल्या पिताय!” असं त्यांच्या पत्नी इंदूबाई रोज ओरडत. तेज काही आलं नाही. निळाई आली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, “आर्गिरिया. पाणी बंद करा, उन्हात फिरू नका. पण चढलेला रंग जायचा नाही.”

दुसऱ्या कुणी औषध विचारलं असतं. मास्तरांनी व्युत्पत्ती विचारली.

“ग्रीक शब्द आहे, बाबा. आर्गिरोस. म्हणजे रुपं. मोठं घराणं आहे या शब्दाचं…”

“मग एकेक पुढं कर,” बाबा म्हणाले. “नाका आहे हा.”

“हायड्रार्जिरोस. पाण्यासारखं रुपं. म्हणजे आपला पारा.”

“त्यात रुपं?”

“नाही. नुसतं दिसायला.”

“जाऊ दे. पुढचा.”

“लिथार्जिरोस. दगडी रुपं. आपण मुरदाडशिंग म्हणतो.”

“त्यात?”

“शिसं.”

“पुढचा.”

“आर्गिरे. पूर्वेच्या समुद्रात रुप्यानं भरलेलं बेट आहे, असं ग्रीक खलाशी सांगत.”

“सापडलं?”

“…नाही.”

बाबा पोट धरून हसले. “वा रे घराणं! आडनाव सगळ्यांचं रुपं, आणि घरात शोधायला जावं तर कथलाची वाटी नाही!”

मास्तर याचीच वाट बघत होते. त्यांनी छाती पुढे काढली. “म्हणूनच म्हणतो, बाबा. या घराण्यात ज्याच्यात खरोखरचं रुपं आहे, असा मीच एक निघालो. आणि या शब्दाचा मूळ धातू तर आणखी जुना. आपला रजत तिथलाच, आपला अर्जुनही तिथलाच. अर्थ एकच, लखलखीत पांढरा.”

“पांढरा?”

“पांढरा.”

बाबांनी त्यांना खालून वर आणि वरून खाली न्याहाळलं. नाक्याच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, त्यानंही मान वाकडी करून पाहिलं.

“…लोक काय म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“लोक निळे महाराज म्हणतात. आधी पोरं हसली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, नाव त्र्यंबक, गळा निळा. झालं! हणमंतराव भुसाऱ्यांनी समिती काढली. रोज सकाळी चबुतऱ्यावर उघडं बसवतात. दर्शनाला.”

“उन्हात?”

“उन्हात रंग चांगला उठतो म्हणाले. उद्या गादीवर बसवणार आहेत. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलो.”

“घेऊन टाक. त्याला काय लागतं!” बाबांनी हात वर केला.

मास्तर वाकले, पण पायापर्यंत पोचले नाहीत. मध्येच थांबले.

“बाबा… काल इंदू माझ्या पाया पडली.”

बाबांचा हात तसाच वर राहिला.

“सणावाराला पडते तशी नाही. डोळे मिटून, पदर पसरून. मी म्हटलं, अगं, मी आहे. तर म्हणाली, हो महाराज. दूध उतू जात होतं, तिकडे मीच धावलो… लग्न झाल्यापासून ही बाई माझ्यावर डाफरत आलीय. आता ताट वाढते आणि दाराआड उभी राहते. भाजी खारट झाली होती. ओरडावं म्हटलं तर ओरडायला समोर कुणी नाही. तीही नाही… आणि मीही नाही.”

कावळा उडून गेला.

“तर गादीवर बसू का नको?” मास्तरांचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. “‘निळे महाराज’ हे नाव खरं, का डॉक्टरांनी दिलेलं ते?”

“वाजले किती?” बाबांनी विचारलं.

“आँ?”

“घड्याळ आहे ना हातात?”

होतं. रुंद चामडी पट्ट्याचं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मास्तर ते झोपतानाही काढत नसत, आंघोळीला तो हात बादलीबाहेर धरत. मास्तर ओशाळले. “हे शेवटचंच राहिलंय. हणमंतराव म्हणाले, काळाच्या पलीकडे गेलेल्याला घड्याळ कशाला. उद्या काढून घेणार आणि तिथं रुद्राक्ष बांधणार.”

“उद्या कशाला? आताच काढ. बघू कसं चालतं.”

मास्तरांना पट्टा सोडवेना. चामडं घट्ट बसलं होतं. बाबांनी मनगट धरलं, बक्कल सोडलं आणि घड्याळ कानाला लावलं.

“टिकटिक करतंय,” ते म्हणाले आणि मास्तरांच्या हाताकडे बघत राहिले.

मास्तरांनीही पाहिलं.

निळ्या हातावर कातडीचा दोन बोटं रुंद पट्टा. गव्हाळ. त्यावर घामोळ्याची एक पुळी, आणि इंदूबाईंच्या कढईतलं तेल उडून घड्याळाखाली ओघळल्याचा जुना डाग. नव्या नवलाईच्या दिवसांत मागून जाऊन तिला दचकवलं होतं, तेव्हाचा. “वेंधळे कुठले!” असं ती ओरडली होती, आणि मग फुंकर घालत बसली होती.

डॉक्टर म्हणाले होते, उन्हात फिरू नका. एवढ्या जागेवर कधी ऊन पडलंच नव्हतं.

मास्तरांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसऱ्याच कुणाच्या मुलाला जपून हात लावावा, तसं.

“…बाबा, हे काय?”

“मला काय विचारतोस? माल तुझा.”

मास्तरांनी हळूच विचारलं, “हणमंतराव उद्या घड्याळ मागतील. काय सांगू?”

बाबांनी घड्याळ पुन्हा त्यांच्या मनगटावर चढवलं. पट्टा सारखा केला, गव्हाळ कड कुठून दिसत नाही ना ते वाकून पाहिलं, आणि बक्कल एक भोक जास्तच आवळलं.

मग आडव्या बांबूच्या टोकावर आपला सगळा भार टाकून त्यांनी तो उचलला.

“हा माल थेट घरी न्यायचा,” बाबा म्हणाले. “वाटेत कुणी विचारलंच, तर सांग… काही नाही.”