शेवाळाचा वाफा

“पाळीतल्या बाईने शेवाळाच्या वाफ्याकडे जायचं नाही, हे ठरवलं कुणी?”

“ज्यांनी ठरवलं, त्यांनीच हेही ठरवलं की विचारायचं नाही,” मठाचा कारभार पाहणारे दाजीबा म्हणाले.

दीक्षेसाठी आलेली ऋजुता गप्प बसली नाही. गप्प बसणं तिला जमतच नसे, आणि मठातल्या वडीलधाऱ्यांच्या तिचं तेवढंच लक्षात राहत असे.

बाहेर धुकं होतं. घाटमाथ्यावरच्या त्या मठात बहुतेक दिवस धुकंच असे.

गुहेत पिंडीजवळ सखोबुवा पडून होते. ते या मठाचे गुरू. उठणं बंद झालं तशा त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. अंगाखाली गादी नव्हती. शेवाळ होतं.

मठाच्या मूळ पुरुषांनी ते उत्तरेतून ओल्या फडक्यात बांधून आणलं, असं सांगत. पाणी शोषून घेणारं, जखम सडू न देणारं. खालच्या गावांतून माणसं चिघळलेले पाय घेऊन वर येत आणि शेवाळ बांधून परत जात.

आता कुणाला देण्याइतकं उरलं नव्हतं. वाफा पांढरा पडला होता. वरच्या कडेला, खडकातून पाझर येतो तिथे, हिरवी पट्टी तेवढी राहिली होती. रोज संध्याकाळी तिच्यातलंच मूठभर कापून बुवांच्या पाठीखाली घालत.

“त्या चार दिवसांत तू तिकडे गेलीस,” दाजीबांशेजारी बसलेले म्हातारे रंगोजी म्हणाले. “सावली पडली. जळलं.”

“मी मठात आले तेव्हाच अर्धं जळलेलं होतं, काका.”

“तू येणार हे त्याला आधीच कळलं असेल.”

दाजीबा हसले. ऋजुता हसली नाही.

हसणं आवरून दाजीबांनी प्रायश्चित्त सांगितलं. अभिषेकाच्या पाण्याची घागर तिने स्वतः न्यायची. वाफ्यावर ओतायची. डोकं टेकून म्हणायचं, माझ्यामुळे जळलं. मग पौर्णिमेला दीक्षा. नाहीतर सकाळची एसटी.

एसटी म्हणजे घर. ठरलेलं लग्न मोडून ती इथे आली होती. घराने दार लावून घेतलं होतं.

“त्या घागरीत काय असतं, काका?”

“दूध. मध. भस्म.”

“भस्म म्हणजे राख. राखेच्या पाण्याने हे मरतं. याला नुसतं पावसाचं पाणी लागतं. तुम्ही पन्हळ खोदून अभिषेकाचं पाणी वाफ्यात सोडलंत. पन्हळ पडते तिथपासून खाली सगळं मेलंय. पाझराखालचं जिवंत आहे. जाऊन बघा ना एकदा.”

“बघायचं काय त्यात? म्हणे तीर्थाने मरतं! कॉलेजात हेच शिकवतात का गं?”

“हेही शिकवतात.”

“आणि मोठ्यांशी कसं बोलावं, ते?”

“त्या तासाला मी नव्हते.”

रंगोजींनी कपाळावर हात मारून घेतला.

ऋजुता बुवांसमोर जाऊन बसली.

“बुवा, तुम्हीच सांगा. तुमच्या डोळ्यांदेखत वाळलं ना ते?”



बुवांचा हात हलला. स्वतःच्या पाठीखालून त्यांनी एक मूठ शेवाळ ओढून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

“पीळ.”

तिने पिळलं. मनगटावरून पिवळसर पाणी ओघळलं. वास आला. तिने तोंड फिरवलं नाही.

“काय निघालं?”

“पू. रक्त. पाणी.”

“राखेचं पाणी दिलं तर?”

“तेही पिईल.”

“तीर्थ कुठलं, घाण कुठली… कळतं त्याला?”

“नाही.”

“म्हणून मी त्याच्यावर निजतो.”

दाजीबांनी लगेच हात जोडले. “ऐकलंस? गुरुमुखातून ऐकलंस? त्याच्यापाशी भेद नाही. भेद आहे तो तुझ्या डोक्यात.”

ऋजुता आपल्या मुठीकडे पाहत होती. पिळलेलं शेवाळ बोटांत हळूहळू पुन्हा फुगत होतं.

“त्याच्यापाशी भेद नाही?”

“मुळीच नाही.”

“मग माझी सावली त्याला कशी कळली?”

…

रंगोजींनी दाजीबांकडे पाहिलं. दाजीबांनी पिंडीकडे.

“तोंड आवर,” शेवटी दाजीबा म्हणाले. “घागर उचल.”

घागर गोमुखाखाली भरून ठेवली होती. वर राखेचा तवंग होता. ऋजुता उठली, घागरीपाशी गेली. रंगोजी तिला वाट द्यायला बाजूला झाले.

ती घागरीशी उभी राहिली.

“नाही उचलणार.”

“एसटी सकाळी सुटते. ध्यानात ठेव.”

“ठेवलंय.”

“दीक्षा मिळायची नाही. पौर्णिमेला नाही, पुढेही नाही.”

“राख ओतून मिळणारी नकोच मला. माझ्यामुळे जळलं, असं मी म्हणणार नाही. मी जाळलेलं नाही. आणि जाताना त्या पन्हळीत दगड बसवून जाईन. काढायचा तर तुम्ही काढा. आधी बुवांची पाठ बघा, मग काढा.”

रंगोजी उपरण्याचं टोक चाळवत राहिले.



“दाजीबा,” बुवांनी हाक मारली.

“जी, बुवा.”

“आजपासून माझ्यासाठी शेवाळ कापू नका. उरलंय ते वाढू दे.”