दगडू, म्हैस आणि सरकारांचं ‘ये’

“ऐका हो ऐका! उद्या सकाळी एक दुभती म्हैस आणि दगडू गोलकीपर नदीपलीकडं शिरगावला जाणार, बदल्यात तिकडचा तरणा गडी आपल्या हॉकी टीममध्ये येणार हो!”

दवंडी ऐकता ऐकता हौसाची भाकरी तव्यावर करपली. दगडू तिचा बा. हौसा रांगत होती तेव्हापासून सोनखेडी संस्थानचा गोल राखत आलेला. पुढचे दोन दात चेंडूनं नेले, पण चेंडू काही आत गेला नाही. आणि आज त्याचं नाव म्हशीच्या मागं!

ती तरातरा बाळोजीराव सरकारांपुढं जाऊन उभी राहिली. सरकार महाहट्टी. मिशी एकदा उजवीकडं वळवली की डावीकडं नेणार नाहीत.

“सरकार, बाला पाठवू नका.”

“म्हातारा झाला गं तो. खाली वाकला की उठवायला दोन माणसं लागतात.”

“तुम्हाला गादीवरनं उठवायला चार लागतात. तुम्हाला कुणी बदललं का?”

कारभाऱ्यांना खोकला आला. काय करतील बिचारे, हसायची चोरी!

सरकार लालबुंद. “माझ्या तोंडानं, सगळ्यांदेखत, मी त्याला ‘ये’ म्हटलं तर राहील तो. आणि तसं म्हणायला मी काय खुळा आहे?”

“बरं. मग निरोप तरी रीतीनं द्या. म्हशीला हळदकुंकू आणि माझ्या बाला नुसती होडी?”

“देतो निरोप. हो घरी!”

सकाळी घाटावर सगळं गाव जमलं. दगडूनं काखेत गाठोडं धरलं, सरकारांपुढं वाकला. “येतो, सरकार.”

सरकारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “ये हो दगडू. सांभाळून ये.”

“बा, गाठोडं खाली ठेव,” हौसा म्हणाली. “सरकार ‘ये’ म्हणाले.”

“अगं, ती बोलायची रीत!”

“मग ‘जा’ म्हणा. निघालेल्या माणसाला तोंडावर ‘जा’ म्हणा.”

सरकारांनी तोंड उघडलं. समोर दगडूचं दोन दात नसलेलं हसू. तोंड मिटलं. परत उघडलं. ‘जा’ काही निघेना.

“अगं, पण शिरगावकरांना मी शब्द दिलाय!”

“पाठवतो म्हणालात ना? बा जाईल, चहा पिईल, येईल. कायमचा ठेवून घ्या, असं कुठं म्हणालात?”

“आणि म्हैस?”

“तिला कुणी ‘ये’ म्हटलं? जाऊ दे की तिला. शिरगावकरांचा डोळा पहिल्यापासून तिच्यावरच आहे.”

सरकार असे हसले, असे हसले, की मिशी आपोआप डावीकडं गेली.

आणि झालंही तसंच. शिरगावकरांनी म्हैस बांधून घेतली, तरणा गडी धाडला, दगडूला चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी पुन्हा दवंडी. “ऐका हो ऐका! दगडूबा आजपासून टीमचे वस्ताद, आणि त्यांच्या हौसाबाईला एक दुभती म्हैस हो!”

दगडू वाड्याची पायरी चढून आला, तसे सरकार गादीवरनं उठायला लागले. चार माणसं धावली.

“या दगडूबा,” सरकार धापा टाकत म्हणाले, “या.”