ओळीबाहेरची विहीर

कोणे एके काळी, पोथ्या बोरूने लिहीत तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐकाच, आणि तुमच्या आईबापांनाही बसवा.

एका राज्यात एक लहिया होता. लोकांच्या पोथ्या सुबक अक्षरात उतरवून देणं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे एकदा एक आंधळी म्हातारी आली. तिचं गाव राजाच्या तलावाखाली बुडालं होतं. गावातल्या सात विहिरींवर तिने कविता रचली होती.

"दरसाल एक कविता निवडून पोरांना शिकवतात म्हणे," ती म्हणाली. "माझी निवडली, तर गाव पोरांच्या तोंडी राहील. नाहीतर माझ्याबरोबर सरणावर जाईल."

कविता ऐकून लहियाचे डोळे भरून आले. त्याने ती लिहून कविता निवडणाऱ्या राजाच्या तीन परीक्षकांपुढे ठेवली.

आता या परीक्षकांची रीत काय सांगावी! ते कविता वाचतच नसत. कागद भिंतीला टांगायचा, दहा पावलं मागे सरायचं आणि मान तिरपी करून बघायचं.

"फार दाटी झाली," थोरले म्हणाले. "विचार गुदमरतोय."

लहियाने तीच कविता सुटी सुटी लिहून नेली.

"आता पोकळ वाटते," मधले म्हणाले.

त्याने ओळी मधोमध घेतल्या.

"वा! आता खोली आली," धाकटे म्हणाले. काना-मात्रेचाही फरक नव्हता, बरं का! "पण ही एक ओळ दोन्हीकडून बाहेर आलीय. तेवढी काढा."

"अहो, ती विहीर आहे!" लहिया कावला. "मोडून दोन ओळी करू का?"

"मग पोट सुटल्यासारखं दिसेल."

"बारीक अक्षरात लिहू?"

"मग ती दरिद्री दिसेल."

लहियाने कपाळावर हात मारला. खेपा घालून तो विटला होता. एका विहिरीने काय बिघडतंय, सहा तर राहतील, असं म्हणत त्याने ती ओळ गाळली आणि साताच्या सहा केल्या. कविता लगेच निवडली गेली.

गावोगावची पोरं ती म्हणू लागली. एक दिवस म्हातारी काठी टेकत लहियाच्या दारी आली.

"पोरं सहाच का रे म्हणतात? गावकुसाबाहेरची विहीर कुठं गेली?"

"आजी, नाव लांब होतं. ओळीत मावेना."

म्हातारी उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "त्या सहांच्या काठालाही आम्हाला शिवू देत नव्हते, बाबा. आमची ती एकच होती."

लहिया धावत परीक्षकांकडे गेला, हातापाया पडला.

"आता पोरांना पाठ झालीय," ते म्हणाले. "आणि बघा तरी, कागद किती देखणा दिसतोय!"

गाव पोरांच्या तोंडी राहिलं. म्हातारीची आळी तेवढी बुडाली, ती कायमचीच.

तात्पर्य : न वाचता कागद पारखणारा मूर्ख खरा, पण वाचून, समजून ओळ गाळणारा त्याहून मोठा अपराधी.