लंडन रिटर्नचा रिकामा डबा

दहा वेळा सांगून झालीय, तरी पुन्हा सांगा म्हणता. आता ऐका, आणि मध्ये तोंड घालू नका.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायची शेवंताक्का. शाळा कमिटीचा अध्यक्ष जयसिंग खराडे सहा वर्षं विलायतेत राहून आला आणि दारावर पाटी ठोकली, 'लंडन रिटर्न'. त्याला शेवंताक्काच्या जागी आपली मेव्हणी चिकटवायची होती. भर सभेत म्हणाला, "बाई, इंग्रजीचा जमाना आहे. रिटर्न म्हणजे काय ते सांगा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

शेवंताक्काच्या पिशवीत तिचा डबा होता. आदल्या दिवशी तिनं खराड्याच्या घरी धपाटे पाठवले होते, तो डबा सकाळीच परत आलेला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"रिटर्न म्हणजे परत येणं, साहेब. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. तुमच्याकडनं हा रिकामाच आला. म्हटलं असू दे, गल्लीतल्या गल्लीत तर फिरलाय. पण तुम्ही एवढ्या लांबनं परत आलात. शाळेसाठी काय घालून आणलंत?"

सभा हसून लोळली. त्यानंतर तिला काढायची कुणाची छाती झाली नाही, आणि पाटी आठवड्यात उतरली.

मी जरा मोठ्यानं हसलो, तर मला "खुळा म्हातारा" म्हणून बाहेर काढलं. त्याची माफी अजून मागितलेली नाही त्या कमिटीच्या सेक्रेटरी दामू पाचपुत्यानं.